गाळलेल्या जागा

आमच्या चर्चच्या महिला मंडळासाठी बायबल-अभ्यासाची पुस्तिका निवडायची होती. पाळकबाईंनी तीन पुस्तिका माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाई, जन्मभर मुलांचे पेपर तपासलेत, आता एवढ्या तपासा." सेवानिवृत्त शिक्षिकेला याहून मोठा मान कोणता मिळणार!

ज्यांना आमच्या मंडळाची कल्पना नाही त्यांना एवढे सांगते, की आठवड्यातून एकदा दुपारी वीसेक बायका जमतात. गीत, प्रार्थना, एका उताऱ्याचे वाचन, त्यावर बोलणे आणि चहा. कुणी नर्स, कुणी मोलमजुरी करणारी. पोथीला बसलेल्या बायकांत आणि आमच्यात फरक एवढाच, की इथे ऐकणारीनेही बोलावे अशी अपेक्षा असते. म्हणून पुस्तिकेची परीक्षा मी एकाच गोष्टीवर केली: तिच्यामुळे बायका बोलत्या होतात की गप्प बसतात? तिन्हींतला एकेक धडा मंडळात करून पाहिला.

पहिली पुस्तिका दिसायला देखणी, नकाशासह. ती इंग्रजीवरून उतरवलेली आहे आणि ते लपत नाही. रूथच्या धड्यात गाळलेल्या जागा भरायच्या आहेत: रूथ ही अमकीची सून होती, ती तमक्या गावी आली. गाळलेल्या जागांचा उपयोग मला पुरता ठाऊक आहे. वर्ग दहा मिनिटे शांत राहतो! रूथ 'शेतात उरलेले धान्य गोळा करते' असे तीत लिहिले आहे. आपल्या मराठी बायबलात यासाठी 'सरवा' हा शब्द आहे. मी तो उच्चारला मात्र, कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "सरवा येचून कंबर मोडती, बाई. अन् मालक बांधावरून बघत ऱ्हातो." मग आम्ही लेवीयचा 19 वा अध्याय काढला. शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये, तो गरिबाचा आणि परक्याचा, असा तिथे नियम आहे. म्हणजे रूथचा तो हक्कच होता. आजींनी विचारले, "मग बवाजाला गड्यांना तंबी का द्यावी लागली?" हा प्रश्न पुस्तिकेत नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावे म्हणून हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. 1924 साली ते केडगावला छापून झाले. त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच बायकांच्या हाती आपण रिकाम्या रेघा द्याव्यात, हे मला पटत नाही.

दुसरीत मार्था आणि मरिया असे दोन रकाने आहेत. आपण कोणत्या रकान्यात बसतो तिथे खूण करायची. नाताळच्या प्रीतिभोजनात दोनशे पानांचा स्वयंपाक जिच्या शिरावर असतो, तिने पेन्सिल खाली ठेवली. लूकच्या 10 व्या अध्यायात मार्थाला समज मिळते हे खरेच. पण योहानाच्या 11 व्या अध्यायात, भाऊ लाजर वारलेला असताना, गावाबाहेर येऊन येशूला गाठणारी आणि तो ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असे स्वच्छ बोलून दाखवणारी मार्थाच आहे. पुस्तिकेने नेमकी तीच जागा गाळली आहे.

तिसरी म्हणजे झेरॉक्सच्या पुसट प्रती. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर का होते, हे सांगायचेही राहून गेले आहे. हे दोष लहान नाहीत. चालवणारी तयारीची नसेल तर धडा भरकटायचा. पण शोमरोनी स्त्रीच्या धड्यात प्रश्न एकच आहे. तिला पाच नवरे झाले असे उताऱ्यात आहे. ते मेले की त्यांनी तिला टाकले, हे कुठे लिहिले आहे ते शोधा. सगळ्याजणी पाने उलटू लागल्या. ते कुठेच लिहिलेले नाही. इतकी वर्षे आम्ही तिला बदफैली म्हणत आलो ते कशावरून, असे एकीने विचारले. आणि मंडळात कधीही तोंड न उघडणारी एक बाई बोलू लागली. ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही. चहा मात्र त्या दिवशी गार झाला.

पाळकबाईंना मी तिसरीच सुचवली. "अहो, पण शुद्धलेखन?" त्या म्हणाल्या. रात्री लाल पेन्सिल घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पहिलीतला नकाशा चिकटवला, वैराची हकिकत समासात लिहिली. प्रश्नांना हात लावला नाही.