एक बोट, तीन सूर आणि भूप

गेल्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तयारी चालली होती. गाणे भूपातले. शाळेच्या पेटीचा भाता फाटलेला, म्हणून संगणकाला एक छोटा कीबोर्ड जोडला होता. संगणकातल्या आज्ञावलीत एक सोय होती: एक पट्टी दाबली की तीन सुरांची पूर्ण कॉर्ड वाजते. ज्याला वाजवता येत नाही त्यालाही साथ करता यावी, हा हेतू. मला पेटी थोडीफार येते, म्हणून बोलावले होते.

मुले रिषभावर थांबली की दर वेळी सगळे विस्कटे. आम्ही दोघे शिक्षक मुलांनाच "नीट ऐका रे" म्हणत राहिलो. चौथ्या वेळी सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं बरोबर हाय. हे भलतंच वाजायलंय."

तिचेच बरोबर होते. कसे, ते पाहण्यासाठी आधी तारेतून काय जाते ते पाहू.

कीबोर्ड आणि संगणक यांच्यामधली भाषा म्हणजे मिडी. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती ठरली, आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये तिच्याद्वारे जाहीरपणे जोडून दाखवली गेली. या भाषेत आवाज नसतो. पट्टी दाबली की तीन आकडे जातात: कोणत्या मार्गावर काय घडले, कितव्या क्रमांकाची पट्टी, आणि किती जोराने. पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०. जुन्या पाच पिनांच्या तारेतून एका सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे तीन आकड्यांना जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. ही नुसती चिठ्ठी आहे. तिच्यावरून काय वाजवायचे ते पलीकडचा ठरवतो.

कॉर्डची सोय याच जागी बसते. आलेल्या क्रमांकात ती ४ आणि ७ मिळवते आणि तिन्ही क्रमांक पुढे पाठवते. ६० आला की ६०, ६४, ६७. पांढरी एक हा सा धरला तर हे झाले सा, ग, प. छान वाजते. आता रे दाबा, ६२. उत्तर येते ६२, ६६, ६९: रे, तीव्र म, ध. भूपात म नाहीच, शुद्धही नाही आणि तीव्रही नाही. ग दाबला तर ६४, ६८, ७१, म्हणजे ग, कोमल ध आणि नि. एका बोटात दोन वर्ज्य सूर.

यावर आज्ञावली लिहिणाऱ्यांचे उत्तर असते की स्केल निवडा, मग बाहेरचे सूर येणार नाहीत. निवडून पाहिले. त्या यादीत मेजर म्हणजे आपला बिलावल. त्यात रे दाबला की रे, म, ध येतात. तीव्र म जाऊन शुद्ध म आला, एवढाच फरक. भूपाच्या पाच सुरांतून तीन-तीन सुरांच्या नेहमीच्या कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. कागदावर करून बघा, मुलांना पाच मिनिटे पुरतात. पाच पट्ट्या आणि दोन कॉर्ड, तर उरलेल्या पट्ट्यांवर काय वाजवायचे हा प्रश्न त्या सोयीने स्वतःला विचारलेलाच नाही.

ही टीका कोणा एका आज्ञावलीवर नाही. मी पाहिलेल्या बहुतेकांत हेच आहे. दुसरा एक किरकोळ दोष सांगून ठेवतो. सा-ग-प वाजत असताना ध-सा-ग दाबली आणि पहिली सोडली, तर काही ठिकाणी दोघींतले सामाईक सा आणि ग एकदम बंद पडतात. कोणता सूर कितींनी धरला आहे, याची मोजणी ठेवलेली नसते.

खरी खोल अडचण मात्र सुरांच्या जागेची. पांढरी एकचा सा २६१.६ हर्ट्झ. कीबोर्डचा ग ३२९.६. सा च्या पाच-चतुर्थांश पटीचा नैसर्गिक गंधार, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो, येतो ३२७.० वर. कीबोर्डवर सा आणि ग एकत्र धरा: सा चा पाचवा स्वरांश १३०८ आणि ग चा चौथा १३१८.५, म्हणून सेकंदाला सुमारे दहा हेलकावे ऐकू येतात. सा आणि प धरा, हेलकावा सेकंदाला एकसुद्धा पुरा होत नाही. एकेकटा सूर वाजतो तेव्हा हे फारसे खुपत नाही. कॉर्डमध्ये ते ठळक होते. बरे, गंधार तेवढा उतरवावा, तर मिडीतली सूर सरकवण्याची नेहमीची आज्ञा त्या मार्गावरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू होते. प्रत्येक सुराला वेगळा मार्ग दिला तरच जमते.

हे भांडण नवे नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, ते पेटीच्या याच सुरांशी वाद घालत. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तरीही पेटी टिकली, कारण वाजवणाऱ्यांचे कान. आप्पा जळगावकर १९२२ साली आपल्या जालन्यातच जन्मले. त्यांच्या हाताखालच्या पट्ट्याही ठरलेल्याच होत्या; पण गायक कुठे निघाला हे ऐकून पुढची पट्टी निवडली जात होती. कॉर्डच्या सोयीतून नेमके हे ऐकणेच काढून टाकलेले आहे.

तरी वर्गासाठी मी ती टाकून देणार नाही. बऱ्याच आज्ञावल्यांत प्रत्येक पट्टीचा तक्ता हाताने भरता येतो, आणि तो भरणे हा बेरजेचा आणि कानाचा एकत्र धडा आहे. त्या शाळेत आम्ही तेच केले. रे खाली मुलांनी फक्त रे आणि ध लिहिले, प खाली प आणि वरचा रे, ध खाली ध-सा-ग. ग खाली काय लिहायचे यावर वर्गात दोन तट पडले. सा-ग-प वाल्यांची मते जास्त भरली आणि पंधरा ऑगस्टला तेच वाजले. ती मुलगी दुसऱ्या तटात होती, आणि तिचे म्हणणे अजून तसेच आहे.