कामठ्याचे जमीनदार : वंशावळींच्या प्रमाणाचा विचार

जुन्या घराण्यांच्या वंशावळींवर मराठींत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तथापि हा वाद बहुतेक घाटावरील देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांभोंवतींच फिरत राहिला. वैनगंगेच्या पूर्वेस, झाडीमंडळांत, कामठा, आमगांव, देवरी, चिचगड इत्यादि ज्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांच्या घराण्यांकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. हा मुलूख पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ पासून त्याचा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. येथील वंशावळी कोणत्या कसोटीवर घासून घ्याव्या, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

प्रथम कामठ्याचें उदाहरण घेऊं. (नागपूरजवळची कामठी निराळी, वाचकांनीं घोटाळा करूं नये.) ग्रँट यांनीं संपादिलेल्या मध्यप्रांताच्या १८७० च्या गॅझेटियरांत कामठ्याची हकीकत दिली आहे. तीवरून असें दिसतें कीं ही जमीनदारी मूळ एका कुणबी घराण्याकडे होती. इ. स. १८१८ मध्यें, आप्पासाहेब भोसल्यांच्या पदच्युतीनंतर जी धामधूम माजली तींत, कामठ्याचा चिमणा पटेल उठला. कॅप्टन गॉर्डन यानें त्याचा मोड केला. आणि जमीनदारी त्या घराण्याकडून काढून एका लोधी घराण्यास देण्यांत आली. त्या वेळीं नागपूरच्या गादीवर अल्पवयी तिसरा रघूजी होता व कारभाराचीं सूत्रें रेसिडेंट जेंकिन्स याच्या हातीं होतीं.

येथें संशोधकानें थांबून विचार केला पाहिजे. गांव तेंच, जमीनदारी तीच, ‘कामठ्याचे जमीनदार’ हें अभिधानहि तेंच; परंतु १८१८ च्या अलीकडचे व पलीकडचे जमीनदार निरनिराळ्या जातींचे व निरनिराळ्या वंशांचे आहेत. ही एक घटना ठाऊक नसेल, तर जमीनदारांचीं नांवें एकाखालीं एक मांडून मधल्या रेघा पितापुत्रांच्या समजणें अगदीं सोपें आहे. हुद्द्यांची यादी ही वंशावळ नव्हे. कामठ्यास वाचवणारी गोष्ट एवढीच कीं तेथला उत्थापनाचा प्रसंग लेखनिविष्ट झाला. असा प्रसंग दोनशें वर्षें आधीं घडून त्याची कोठेंच नोंद राहिली नसती, तर लोधी घराण्यास कुणबी पूर्वज किंवा कुणबी घराण्यास लोधी वंशज चिकटविण्याचें पाप आम्हींच केलें असतें.

हाच प्रश्न इंग्लंडांतील मध्ययुगीन सरदारांच्या व भूमिधारकांच्या वंशशोधनांत उभा राहतो, व तेथें त्याचा ऊहापोह अधिक झाला आहे. इ. स. १०६६ त नॉर्मनांनीं तें राज्य जिंकलें व बहुतेक जमिनी नव्या धन्यांकडे गेल्या. १०८६ च्या ‘डूम्सडे बुका’ची मांडणी अशी आहे कीं एडवर्ड राजाच्या वेळीं अमुक जमीन कोणाकडे होती व आतां कोणाकडे आहे, हीं दोनहि नांवें नोंदलेलीं असतात. म्हणजे जमिनीचें सातत्य आणि वंशाचा खंड हीं दोनहि एकाच नोंदींत दिसतात. पुढें तेथील पुष्कळ सरदार गांवावरून आडनांव घेऊं लागले. त्यामुळें एकाच गांवच्या नांवानें ओळखलीं जाणारीं दोन घराणीं परस्परांचीं कोणी नसतात, आणि उलट सख्ख्या भावांचीं आडनांवें भिन्न असतात. आमच्याकडे ‘कर’-प्रत्ययान्त आडनांवांनीं आणि पाटील, देशमुख, पटेल ह्या हुद्देवाचक नांवांनीं नेमका हाच गोंधळ केला आहे. आपले पूर्वज नॉर्मन विजेत्याबरोबर आले असें सांगणाऱ्या अनेक इंग्रज घराण्यांच्या वंशावळी होरेस राउंड (१८५४-१९२८) या टीकाकारानें मूळ दानपत्रांशीं ताडून खोट्या ठरविल्या, हेंहि येथें स्मरणीय आहे.

तेथें विश्वसनीय ठरलेलें साधन म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मनुष्य वारला कीं पंचांस शपथ घालून, वारस कोण, त्याचें मृताशीं नातें काय व वय किती, हें लिहून घेत. वारस अज्ञान असल्यास पालकत्वाचें उत्पन्न राजाकडे जाई. म्हणून राजाचा अधिकारी, वारसाचे नातलग व शेजारी हे सर्व त्या उत्तरावर डोळा ठेवून असत. पंच वयें पुष्कळदां ढोबळ सांगत. तरी नातें सहसा चुकत नसे. ह्यांतून निघणारा नियम आमच्या कागदांसहि लागू आहे: ज्या कागदांतील असत्यानें कोणाचें तरी नुकसान होणार होतें व तें नुकसान होणारा मनुष्य समोर हजर होता, तो कागद अधिक प्रमाण. गोतसभेचा महजर वादी-प्रतिवादींच्या समक्ष होतो. करिना हा एका पक्षानें स्वतःच्या हक्कासाठीं लिहून दिलेला असतो. दोहोंस एकाच तागडींत तोलणें ही आमच्या लेखकांची नेहमींची चूक आहे.

दुसरी कसोटी गणिताची. चांद्याच्या गोंड राजांची यादी मेजर ल्यूसी स्मिथ यांनीं १८६९ च्या जमाबंदी-अहवालांत दिली. तींत भीम बल्लाळसिंगापासून नीलकंठशहापर्यंत, इ. स. ८७० ते १७५१, एकोणीस कारकीर्दी आहेत. ८८१ वर्षांस एकोणिसांनीं भागल्यास प्रत्येक कारकीर्द सरासरी शेचाळीस वर्षांची होते! एकट्या बाबाजी बल्लाळशहास १४४२ ते १५२२ अशीं ऐंशीं वर्षें व त्याच्या पाठोपाठच्या राजास पंचाहत्तर वर्षें दिलीं आहेत. कोणत्याहि राजवंशांत इतकीं दीर्घ राज्यें एकामागून एक होणें संभवनीय नाहीं. शिवाय अबुल फज्ल सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आइने अकबरी’ लिहीत असतां बाबाजीचा उल्लेख समकालीन म्हणून करतो. म्हणजे यादी सुमारें सत्तर वर्षांनीं चुकते. यादींतील उत्तरकालीन नांवें खरीं असूं शकतील, पण वर्षें मागाहून भरलेलीं दिसतात. नांवें थोडीं व काळ मोठा, म्हणून प्रत्येक नांव ताणलें गेलें.

गढा-मंडल्याचा दोष याच्या उलट आहे. हृदयशहाच्या रामनगर येथील संवत् १७२४ (इ. स. १६६७) च्या शिलालेखांत यादवरायापासून लांबलचक वंशावळ कोरली असून तींत संग्रामशहा हा अठ्ठेचाळिसावा येतो. शिलालेख म्हटला कीं आमचे लोक हात जोडतात. पण संग्रामशहापूर्वींच्या सत्तेचाळीस पुरुषांसंबंधीं हा लेख समकालीन मुळींच नव्हे. ज्या पिढ्यांविषयीं दुसरा पुरावा आहे, तेथेंहि मतभेद आहे: लेखांत दलपतशहा हा संग्रामशहाचा पुत्र, ‘अकबरनाम्या’ची हकीकत अशी कीं तो गोविंददास कछवाहाचा मुलगा असून संग्रामशहानें आपला म्हणून वाढविला. अकबरनाम्याचा कर्ता शत्रुपक्षाचा, हें ध्यानांत ठेवूनहि दुसरी बाजू नोंदल्याशिवाय वंशवृक्ष छापणें गैर होय.

याच्याशीं आमगांवाजवळच्या पदमपुराचें उदाहरण ताडून पाहावें. महामहोपाध्याय मिराशी यांनीं भवभूतीचें पद्मपूर तें हेंच असें प्रतिपादिलें आहे. भवभूतीनें आपला वंश सांगतांना पांचवा पूर्वज महाकवि, आजोबा भट्टगोपाल, पिता नीलकंठ व माता जातुकर्णी एवढेंच सांगितलें. गोत्र व शाखा दिली. सूर्यचंद्रापर्यंत तो गेला नाहीं. मनुष्याच्या स्मरणांत राहील इतकीच ही वंशावळ आहे, आणि तींत मातेचें नांव आहे. जमीनदारांच्या वंशावळींत स्त्रियांचीं नांवें बहुधा गाळलेलीं असतात. त्यामुळें सोयरिकींनीं जुळलेलीं घराणीं कागदावर परकीं दिसतात.

मग वंशावळी टाकून द्याव्या काय? आमचें तसें मत नाहीं. खोटी वंशावळहि ती रचिली गेली त्या काळाचा खरा पुरावा असते. मात्र रक्ताचें नातें व कायद्याचें नातें हीं निरनिराळ्या रेघांनीं दाखविलीं पाहिजेत. तिसरा रघूजी हा रक्तानें दुसऱ्या रघूजीचा दौहित्र, पण दत्तविधानानें परसोजीचा पुत्र होय. तो ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारला, दत्तकाचा प्रश्न उभा राहिला, आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. वंशवृक्षांतील एका रेघेवर काय अवलंबून असतें, हें नागपूरकरांस निराळें सांगावयास नको. जमीनदाऱ्यांतहि वहिवाट अशी कीं वडील मुलानें अविभक्त जमीनदारी घ्यावी व धाकट्यांस पोटगी मिळावी. म्हणून धाकट्या शाखा मुख्य कागदांतून नाहींशा होतात. त्या पोटगीच्या पत्रांत, खेड्यांच्या वाजिब-उल्-अर्जांत व प्रयाग-काशीच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत शोधाव्या लागतात.

हें काम आतां लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. जमीनदारी होती तोंवर हक्क वंशावरच अवलंबून असल्यामुळें प्रत्येक वाड्यांत वंशावळ व तिचे पुरावे जपले जात. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्यान्वयें ३१ मार्च १९५१ रोजीं मालकीहक्क सरकारांत विलीन झाले, आणि ते कागद जपण्याचें व्यावहारिक कारण त्या दिवशीं संपलें. हद्दीहि हलत गेल्या: १८६७ त बालाघाट निराळा झाला, १९५६ त भंडारा मुंबई राज्यांत आला, १९९९ त गोंदिया वेगळा झाला. एकाच घराण्याचे कागद त्यामुळें दोन राज्यांत व अनेक कचेऱ्यांत विखुरले आहेत.

म्हणून संग्राहकांस आमची आग्रहाची विनंती आहे. सनद शिक्क्यासाठीं विकत घेऊन तिच्याबरोबरच्या चिठ्ठ्या, पोटगीचे रोखे व लग्नाच्या याद्या रद्दींत घालूं नयेत. रुमाल ज्या क्रमानें बांधलेला मिळेल त्या क्रमाचें टांचण करून मगच सोडावा. कागद कोणत्या वाड्यांतून आला तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कामठ्याच्या दोन घराण्यांचा निवाडा ज्या साध्या नोंदीनें होतो, तशाच नोंदी देवरी-चिचगडकडील एखाद्या वाड्यांत वाळवीच्या तोंडीं पडून असण्याचा संभव आहे. त्या हातीं येईपर्यंत ह्या घराण्यांचे वंशवृक्ष छापतांना, जेथें पुरावा तुटतो तेथें रेघ तोडून दाखवावी, एवढेंच आमचें मागणें आहे.