ह्यू टिंकर वाचताना: अंशाबरोबर छेदही बघा

गाजलेल्या पुस्तकाची चिकित्सा करायची म्हणजे नक्की काय करायचं, हा प्रश्न पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज एक पुस्तक घेऊनच बघू: ह्यू टिंकर यांचं 'अ न्यू सिस्टिम ऑफ स्लेव्हरी' (1974). विषय आहे शिडाच्या जहाजांतून मॉरिशस, कॅरिबियन, फिजीला गेलेले करारबद्ध मजूर, म्हणजेच गिरमिटिये. एकट्या मॉरिशसला 1834 पासून साधारण साडेचार लाख माणसं गेली. त्यात मुंबई बंदराचा वाटा कलकत्ता आणि मद्रासपेक्षा लहान, पण आजचा मॉरिशसचा मराठी समाज त्यातूनच उभा राहिला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

आधी पुस्तकाचं मोठेपण. भरतीपासून मळ्यापर्यंतची अख्खी साखळी टिंकर एका चौकटीत आणतात. गुलामगिरी कायद्याने संपली, पण मळ्यांची मजुराची भूक संपली नाही, हे ते ठामपणे दाखवतात. या विषयावर काम करणाऱ्याला हे पुस्तक टाळता येत नाही.

आता चिकित्सा. पहिला प्रश्न: माहिती कुणाच्या खिडकीतून आली? टिंकर मुख्यतः सरकारी पत्रव्यवहार आणि चौकशी अहवालांवर उभे आहेत. चौकशी कधी बसते? काहीतरी भयंकर घडल्यावर. म्हणजे नमुना आधीच एका बाजूला झुकलेला.

दुसरा प्रश्न छेदाचा. 1856-57 मध्ये कलकत्त्याहून कॅरिबियनला गेलेल्या जहाजांवर सरासरी 17 टक्क्यांच्या आसपास माणसं मेली, हा आकडा या विषयात नेहमी दिला जातो. तो भयानक आहेच. पण तो प्रवास तीन महिन्यांचा किंवा त्याहून मोठा होता. मॉरिशसचा बराच छोटा. त्यामुळे दोन मार्गांची तुलना 'दरमहा दर हजारी मृत्यू' अशी करा, नुसत्या टक्क्यांत नको. वर्षही बघा: वाईट वर्षाचा आकडा म्हणजे पूर्ण शतकाची सरासरी नव्हे.

मरिना कार्टर यांनी 'सर्व्हंट्स, सिरदार्स अँड सेटलर्स' (1995) मध्ये मॉरिशसच्या बाजूचे कागद वापरले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदींत माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज असं सापडतं. त्यांच्या मते परत आलेले मजूर स्वतःच सरदार बनून नातेवाईकांना घेऊन जात. म्हणजे सगळेच फसवून नेलेले नव्हते. मुद्दा वजनदार आहे. पण इथेही छेद विचारा: परत येऊन भरती करणारा हा जगलेला आणि थोडंफार जमलेला माणूस. जो मळ्यातच मेला, तो गावी सांगायला आला नाही. टिंकरकडे संकटाचा झुकाव, कार्टरकडे जगलेल्यांचा.

कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यांसाठी एक खास गोष्ट. असल्या रजिस्टरात 'रायगड' शोधू नका. ते नाव 1981 चं. 'कोलाबा'ही पुरणार नाही, कारण 1891 पर्यंत कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आपला भाग सापडतो. जिल्हा चुकला की आपलं गाव 'शून्य' दिसतं, आणि आपण बिनदिक्कत लिहून टाकतो की इथून कुणी गेलंच नाही. कागद टिकणं हाही नशिबाचा भाग: जर्मन स्थलांतरितांच्या हॅम्बुर्ग बंदरातल्या याद्या 1850 पासून टिकल्या, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या. म्हणून ब्रेमेनहून लोक कमी गेले, असं होत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: 'गुलामी की स्वखुशी' ही दोनच खाती पुरतात का? आपल्याच तालुक्यांत बघा. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात, दिवाळीनंतर पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात आणि पाऊस लागायच्या आत परततात. अंगठा त्यांनी स्वतः उठवलेला असतो. पण घरात दाणा नसताना घेतलेली उचल फेडल्याशिवाय भट्टी सोडता येत नसेल, तर त्या अंगठ्याला संमती म्हणायचं का? वेठबिगारी बंद करणारा 1976 चा कायदा उचलीपोटी अडकवून ठेवणं हीच वेठबिगारी मानतो. जाणं आपल्या मर्जीने आणि परतणं मालकाच्या मर्जीने, हे एकाच माणसाच्या बाबतीत घडू शकतं. टिंकर परतीची वाट नीट बघतात, कार्टर जाण्याची. तुमच्या प्रस्तावात दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. एका रकान्यात कोंबलंत, तर उत्तर आकडेमोडीच्या आधीच ठरलेलं असेल.