आकृती दिसली, पुढे काय?

मंडळी, नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या मधोमध कापलेल्या शंखाचं चित्र तुम्ही पाहिलेलं असणार. त्यावर एक सर्पिल रेखाटलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं: ‘सुवर्ण गुणोत्तर, १.६१८, निसर्गाची सही.’ मीही हे चित्र वर्गात वर्षानुवर्षं दाखवलं, आणि एकदाही मोजून पाहिलं नाही. म्हणून आजची टीका आधी माझ्यावर आहे, मग त्या चित्रावर. टीकेला आधार घेतोय डार्सी थॉम्प्सन यांच्या १९१७ सालच्या ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथाचा.

साधा हिशेब करू. सुवर्ण सर्पिलाची त्रिज्या दर पाव फेऱ्याला १.६१८ पट होते, म्हणजे पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट. नॉटिलसची होते साधारण तिप्पट. संपला विषय!

मग शंखात गणित नाहीच का? आहे ना. पण थॉम्प्सन आधी विचारतात, शंख वाढतो कसा? प्राणी जुना भाग ताणून मोठा करत नाही. तो फक्त तोंडाच्या कडेला नवी भर घालतो. आणि आकारमान वाढलं तरी घडण तीच राहते. या दोन गोष्टी मान्य केल्या की लॉगॅरिदमिक सर्पिल ओघानंच येतं. किती पटीनं वाढायचं, ते प्राण्यागणिक वेगळं. सुवर्ण गुणोत्तराची इथे गरजच पडत नाही.

आपल्या नैयायिकांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. उलट मात्र चालत नाही: तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं, ती ‘उपाधी’. आणि नियम मोडणाऱ्या उदाहरणाला ते ‘व्यभिचार’ म्हणतात. (हसू नका, शास्त्रीय शब्द आहे!) शंखाच्या चित्रात खोट आहे ती हीच. व्यभिचार शोधायला कुणी गेलंच नाही.

आता सूर्यफूल घ्या. तबकडीतल्या बियांच्या वळणदार रांगा मोजा. ३४, ५५, ८९ अशा फिबोनाची संख्या खरोखर सापडतात. या संख्यांभोवती माजलेल्या गूढवादाचा थॉम्प्सनना तिटकारा होता. तो योग्यच. पण त्या तिटकाऱ्यापायी खुद्द संख्यांकडेही त्यांनी जरा जास्तच संशयानं पाहिलं, असं माझं मत आहे. १९९२ मध्ये दुआदी आणि कुडेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी एका बशीत चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक सोडले. थेंब एकमेकांना दूर लोटत कडेकडे सरकले, आणि लागोपाठच्या थेंबांमध्ये सुमारे १३७.५ अंशांचा कोन पडू लागला. सूर्यफुलातही तोच कोन असतो. बशीत ना बी, ना रोप. नव्यानं येणारा जिथे मोकळी जागा तिथे बसतो, एवढंच कारण.

पुढे इंग्लंडमध्ये सामान्य लोकांच्या मदतीनं ६५७ सूर्यफुलं तपासली गेली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक ठिकाणी फिबोनाची संख्या मिळाल्या, पण सगळीकडे नाही. काही फुलांत ४७ सारख्या दुसऱ्याच मालिकेतल्या संख्या निघाल्या, काहींत कुठल्याच मालिकेत न बसणाऱ्या. मला हे अपवाद मोलाचे वाटतात. जो सिद्धांत त्यांचाही हिशेब देईल, तोच टिकेल.

आणि हेच आकडे आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदःशास्त्रात मांडले होते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल? १, २, ३, ५, ८… तिथे शंख नाही, सूर्यफूल नाही. आकडे तेच, कारण निराळं. म्हणून आकडे जुळले एवढ्यावरून निसर्गाचं मन कळलं असं समजू नये.

घरी एखादं सूर्यफूल असेल तर रांगा मोजा. ५५ आल्या तर आनंदच आहे. ५४ आल्या, तर पुन्हा मोजा. आणि तरीही ५४ च निघाल्या, तर तसंच लिहून ठेवा.