चार ग्रॅम शेणखत

एका नरसाळ्यात वाळू, शेजारच्या नरसाळ्यात निम्मी वाळू आणि निम्मे शेणखत. दोन्हींवर शंभर-शंभर मिलिलिटर पाणी ओतायचे. पहिल्यातून बरेचसे पाणी खाली येते, दुसऱ्यातून पुष्कळ कमी. ‘शेणखताने वाळूची पाणी धरण्याची क्षमता वाढते’ असा निष्कर्ष वहीत उतरतो. प्रयोग सोपा, बिनखर्चाचा आणि कधीच न फसणारा. माझी हरकत आहे ती या कधीच न फसण्याला.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत मुलांनी या निष्कर्षावर विसंबून वाळूतल्या परसबागेत शेणखत मिसळले, लाल माठ पेरला आणि रोपे वर आल्यावर पाणी तीन दिवसांआड केले. आठवड्यात वाफे कोमेजले. ‘मग प्रयोग खोटा का?’ असे एका मुलीने मला विचारले. तिला उत्तर द्यायचे तर थोडे गणित करावे लागते.

भाजीपाल्यासाठी हेक्टरी २५ टन शेणखत ही नेहमी आढळणारी शिफारस. त्यातला ६० टक्के ओलावा वजा केला की उरतात १० टन. एका हेक्टरावरच्या १५ सेंटिमीटर जाडीच्या वाळूचे वजन भरते सुमारे २४०० टन. म्हणजे किलोभर वाळूत कोरडे शेणखत जेमतेम चार ग्रॅम! नरसाळ्यातले निम्मे-निम्मे कुठे आणि हे कुठे? मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी २०१८ साली जगभरच्या नोंदी तपासल्या. मातीत सेंद्रिय कार्बन एक टक्क्याने वाढला, तर १० सेंटिमीटरच्या थरात पिकाला मिळू शकणारे पाणी सरासरी १.२ मिलिमीटरच्या आसपास वाढते, असे त्यांना आढळले. वाळूत हा परिणाम जास्त असतो. तो तिप्पट धरला तरी आपल्या चार ग्रॅमांच्या वाट्याला साऱ्या थरात मिळून मिलिमीटरभर पाणी येते. उन्हात वाढणारी भाजी दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज पिते.

मग शेणखत घालायचे कशाला? मुख्यतः अन्नासाठी. ह्यूमसच्या कणांवर ऋणभार असतो. त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे धनभारित आयन तो धरून ठेवतो. वाळूला हे फारसे जमत नाही. नायट्रेट मात्र स्वतःच ऋणभारित. ते ह्यूमसलाही धरवत नाही आणि जादा पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. शिवाय चिकणमातीचे कण सेंद्रिय पदार्थाला जंतूंपासून जो आडोसा देतात, तो वाळूत नाही. ओलसर, उबदार, हवेशीर वाळूत खत भराभर कुजून संपते. म्हणून ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. पाणीही थोडे आणि रोज, वर पालापाचोळ्याचे आच्छादन. वेलभाज्यांसाठी आळे करून खत त्यातच घालण्याची जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते. दीड फूट लांब-रुंद-खोल आळ्यात पाच किलो शेणखत घातले, तर किलोमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास पडते, म्हणजे जवळजवळ चौपट.

नरसाळे फेकून देऊ नये. तिसरे नरसाळे मांडावे: त्यात एक किलो वाळू आणि चार ग्रॅम वाळवलेले शेणखत. चौथ्यात पंधरा ग्रॅम. पाणी निथळल्यावर चारही वजन करावीत. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक दाखवायला शाळेचा तराजू पुरला नाही, तर तीही नोंद वहीत जाऊ द्यावी.