भुताचा मुखवटा आणि 'सीआयडी'चा साचा

'सीआयडी' ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २०१८ पर्यंत पंधराशेहून अधिक भाग चालली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा आली. मुंब्रा-कौशापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कित्येक घरांनी ती सहकुटुंब पाहिली. २००४ साली बी. पी. सिंग यांनी १११ मिनिटांचा एक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केला होता. असे धाडस करणाऱ्यांचे भुताटकीचे भाग पाहून म्हणूनच वाईट वाटते.

साचा ठरलेला. ओसाड हवेली, मध्यरात्र, पांढरी आकृती. फ्रेडरिक्स घाबरणार, दया दरवाजा तोडणार, डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत एखादे रसायन दाखवणार. अखेर कुणी नातलग मालमत्तेसाठी भूत झाल्याचे कबूल करणार. निष्कर्ष विवेकाचाच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही की तो कमावलेला नसतो. बहुतेक वेळ भीतीला आणि खुलाशाला चार वाक्ये!

आम्हा उर्दूवाल्यांना इथे इब्ने सफी आठवतात. इमरान मालिकेतील त्यांची पहिली कादंबरी 'खौफनाक इमारत' १९५५ची. तिथेही झपाटलेली वास्तू आहे, कबर आहे, प्रेते आहेत. पण इमरानचे लक्ष प्रेतांवरील तीन जखमांमधल्या सारख्या अंतराकडे जाते. भूत असे मोजूनमापून वार कशाला करील? हा प्रश्न वाचकालाही पडतो आणि तो इमरानसोबत चालू लागतो. सफींनी दोनशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा भागांची मोठी संख्या ही काही सबब नव्हे.

प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर आम्ही लिहिले नसते. लोकलच्या डब्यात 'बाबा बंगाली'च्या चिठ्ठ्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी मोहल्ल्यात ताप उतरेना की कुणीतरी आमिलाचे नाव सुचवतेच. टीव्हीवरचे भूत खोटे, हे आमच्या वर्गातील पोरांना पहिल्या जाहिरातीपूर्वीच कळते. पण गल्लीतला आमिल करणी झाल्याचे सांगतो, तेव्हा त्याला काय विचारावे हे त्यांना कळत नाही. कारण मालिकेने त्यांना उत्तर दिले, तपास शिकवला नाही.

भूत खुशाल दाखवावे. फक्त प्रद्युम्नसाहेबांनी संशय घेताना पाहणाऱ्यालाही सोबत न्यावे.