सायलीला गाव द्या

जुई गडकरीबद्दल एवढ्यात जे जे वाचलं त्यात टीआरपी होता, साड्या होत्या, नायक-नायिकेची 'केमिस्ट्री' होती. ती काम कसं करते याबद्दल एक धड वाक्य नव्हतं. 'ठरलं तर मग' २०२२च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि त्यातली जुईची सायली शहापूर-मुरबाडच्या घराघरांत रात्रीच्या जेवणाबरोबर येऊ लागली. जुई कर्जतची. कर्जत आणि मुरबाड हे शेजारचे तालुके, म्हणजे या भागाने तिला आपलीच लेक म्हणावी इतकी ती जवळची. पण तिच्या अभिनयाकडे बघायची तसदी कोणी घेत नाही, कारण मालिकेतलं काम हे कामच नव्हे असं आपल्या समीक्षेने केव्हाच ठरवून टाकलंय. हे मला पटत नाही.

'पुढचं पाऊल' आठवा. २०११ साली सुरू झालेल्या त्या मालिकेत सगळी हुकमत हर्षदा खानविलकरांच्या अक्कासाहेबांची होती. करारी आवाज, ठसठशीत कुंकू, नजरेचा धाक. समोर कल्याणी झालेल्या जुईच्या वाट्याला काय, तर उभं राहून ऐकणं. वर्षानुवर्षं हे केल्यावर एखादी नटी दगड होते किंवा ऐकण्यातच तरबेज होते. जुई तरबेज झाली.

हे ऐकणं कुठे दिसतं ते सांगतो. मालिकेत एक धक्कादायक वाक्य उच्चारलं जातं आणि कॅमेरा खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर फिरतो. मागे ढोल वाजतो. त्या तीन-चार सेकंदांत नटीच्या हाती ना शब्द, ना हालचाल. बहुतेक जणी डोळे विस्फारतात, ओठ थरथरवतात आणि मोकळ्या होतात. जुईचं तसं नाही. सायली आणि पूर्णा आजी यांचे समोरासमोरचे प्रसंग पुन्हा बघा. आजी झालेल्या ज्योती चांदेकर (२०२५च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या) एक वाक्य तीन ठिकाणी थांबत बोलायच्या, आणि ते संपेपर्यंत जुई पुढच्या वाक्याची तयारी करताना दिसत नाही. ऐकलेलं आधी आत पोचतं, मग नजर खाली जाते, मग उत्तर. संहिता कधी कधी त्याच दिवशी हातात पडते, बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, त्यात हे सांभाळायचं. रंगभूमीवर याच गुणाचं आपण तोंडभरून कौतुक केलं असतं.

मराठी मालिकेतली खरी परंपरा या ऐकणाऱ्या बायकांची आहे. 'दामिनी'तल्या प्रतीक्षा लोणकर, 'आभाळमाया'त सुधा जोशी झालेल्या सुकन्या कुलकर्णी, 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मधली मुक्ता बर्वे, आणि या सगळ्यांवर कडी करणारी 'आई कुठे काय करते'मधली मधुराणी प्रभुलकर. २०१९च्या डिसेंबरपासून २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत तिची अरुंधती चढ्या आवाजाकडून खालच्या आवाजाकडे गेली. जसजशी ती खंबीर झाली तसतसा मधुराणीने स्वर उतरवला. बंड म्हणजे आरडाओरडा हा मालिकांचा ठोकताळा तिने एकटीने मोडला. कथा पुढे कितीही भरकटली तरी हा स्वर तिने सुटू दिला नाही.

मग एवढ्या कसबी नट्या असताना मालिका इतक्या निर्जीव का? दोष त्यांचा नाहीच. 'आई कुठे काय करते' मुळात बंगाली 'श्रीमोयी', तीच हिंदीत 'अनुपमा'. 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून आली. जी गोष्ट कोलकात्यात, चेन्नईत आणि मुंबईत सारखीच घडते ती कुठेच घडत नाही. मग नायिका कुठली, कोणत्या हवेत वाढली, काय खाते, शिवी कशी देते, हे प्रश्नच उरत नाहीत. म्हणून तर तिला बदलणंही सोपं जातं: 'प्रेमाची गोष्ट'मधली मुक्ता बदलली, आणि दिवाणखाना तसाच राहिला.

मालिकेला जेव्हा जेव्हा गाव मिळालं तेव्हा काय झालं ते बघा. 'रात्रीस खेळ चाले' मालवणी मुलखातल्या आकेरीत गेली आणि शकुंतला नरे यांची माई उभी राहिली. 'तुझ्यात जीव रंगला'ला कोल्हापूरजवळचं वसगडे मिळालं. 'लागिरं झालं जी'त जिजी केली ती कराडच्या निवृत्त शिक्षिका कमल ठोके यांनी, आणि त्यांच्या एका हाकेत जेवढा सातारा होता तेवढा साऱ्या नेपथ्यात नव्हता. मालवणी नागपूरला कळली, कोल्हापुरी नांदेडला कळली. तेव्हा 'बोली प्रेक्षकाला कळत नाही' हे कारण आता कोणी सांगू नये.

खर्चाचंही सांगू नये. आकेरी मुंबईहून साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आणि मुरबाड कल्याणहून एसटीने तासाभरावर. घोडबंदरच्या स्टुडिओंना शहापूर आकेरीइतकं लांब तर नाहीच. तरी इथली कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी बाई नायिका झालेली मला आठवत नाही. 'ळ'च्या जागी 'ल' म्हणणारी बाई पडद्यावर आली की ती भांडी घासायला आलेली असते नाहीतर हसवायला. गोष्टींची तर इथे कमतरता नाही. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्टीवर जातात. इथल्या बाईच्या आयुष्यात संघर्षाला काय तोटा, की त्यासाठी 'ठरलं तर मग'सारखी खोटी वारसदार आणि कराराचं लग्न आणावं?

सायली आश्रमात वाढलेली, गरीब, कष्टाळू मुलगी आहे असं आपल्याला रोज सांगितलं जातं. तो आश्रम कुठल्या तालुक्यात आहे हे तिच्या बोलण्यातून कळू नये, याची मात्र पक्की काळजी घेतलेली असते. जुईला तिच्या मुलखातली बोली बोलू द्या. तिच्याभोवतीच्या माणसांची निवड अंधेरीत न करता एकदा शहापूरच्या आणि मुरबाडच्या शाळांच्या सभागृहांत करा. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस-तीस वर्षं घसा ताणलेल्या बाया इथेही आहेत, आणि कमल ठोकेंना कॅमेऱ्यापुढे आणताना कोणी अभिनयाची पदवी मागितली नव्हती.